शिक्का आणि धार : ४२० नंबरच्या पोलादाची गोष्ट

१८९० च्या दशकाच्या मध्यास मुंबईतील एका तरुण पारशी वकिलाने वकिली कायमची सोडली आणि शस्त्रक्रियेची हत्यारे बनवायला घेतली. त्यांचे नाव अर्देशीर गोदरेज. झांझिबारमधील एका खटल्यात अशिलासाठी असत्य बोलण्यास नकार देऊन ते परतले होते. मुंबईत एका औषधविक्रेत्याकडे ते मदतनीस म्हणून राहिले आणि तेथे परदेशातून येणाऱ्या सुऱ्या, कात्र्या, चिमटे यांच्याकडे त्यांचे लक्ष गेले. वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांच्याकडून ३,००० रुपये उसने घेऊन त्यांनी काम सुरू केले.

हत्यारे चांगली उतरली. ज्या पेढीमार्फत ती विकायची होती, तिच्या इंग्रज मालकालाही त्यांचा दर्जा मान्य होता. घोडे अडले ते शिक्क्यावर. हिंदुस्थानात बनल्याचा शिक्का असलेले हत्यार कोणी विकत घेणार नाही, असे मालकाचे म्हणणे. शिक्का राहणारच, असे अर्देशीर यांचे. दोघेही हटले नाहीत आणि धंदा बसला.

गोदरेज घराण्याची गोष्ट सांगताना हा प्रसंग बहुधा दोन ओळींत आटोपतो, कारण पुढे कुलपे येतात, तिजोऱ्या येतात, विक्रोळी येते. पण मालक केवळ उर्मट होता म्हणून हे घडले, असे समजणे सोपे असले तरी अपुरे आहे. पात्याच्या बाबतीत शिक्क्याला इतके महत्त्व का होते, हे पोलादाच्या पोटात शिरल्याशिवाय कळत नाही. आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत याच धातूने गावाच्या नावाची जागा एका आकड्याला कशी दिली, हेही कळत नाही. या धाग्यात तेच पाहायचे आहे.

आधी शिक्क्याचे राजकारण. एकोणिसाव्या शतकात चाकू-सुऱ्यांच्या जगात दोन गावे एकमेकांसमोर उभी होती. इंग्लंडातील शेफील्ड आणि जर्मनीतील सोलिंगेन. शेफील्डच्या कारागिरांची तक्रार अशी, की जर्मन कारखानदार हलक्या मालावर शेफील्डचे नाव ठोकून तो इंग्लंडच्या वसाहतींत विकतात. या ओरड्याचा मोठा वाटा असलेला मर्चंडाइज मार्क्स कायदा ब्रिटनमध्ये १८८७ साली झाला आणि परदेशी मालावर खोटी इंग्रजी खूण लावणे गुन्हा ठरला. हिंदुस्थानातही तशाच नावाचा कायदा १८८९ मध्ये लागू झाला. ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द त्या काळात बदनामी म्हणून रूढ झाले. ते पुढे प्रतिष्ठेचे झाले, हा सोलिंगेनने उगवलेला सूड म्हणायचा.

अर्देशीर यांचा वाद या कायद्यानंतर पाच-सहा वर्षांतला आहे. पात्यावरचे गावाचे नाव ही तेव्हा ताजी, कोर्टकचेऱ्यांपर्यंत गेलेली बाब होती.

मराठी मुलखाला तर ही गोष्ट आणखी जुन्या काळापासून ठाऊक होती. मराठ्यांच्या शस्त्रागारातील ‘फिरंग’ म्हणजे युरोपातून आलेले सरळ, लांब पाते आणि त्याला बसवलेली देशी मूठ. या परदेशी पात्यांवर कारखान्यांच्या खुणा असत. काहींवर पापणीच्या केसांसारख्या दिसणाऱ्या दोन अर्धवर्तुळाकार दातेरी रेषा असत, काहींवर एखाद्या नामांकित पातेघड्याचे नाव. त्यांना एवढी किंमत होती, की देशी कारागीरही आपल्या पात्यांवर त्याच खुणा उठवू लागले. गंमत अशी, की युरोपातही हेच चालले होते. पस्साऊ शहराच्या पात्यांवर धावत्या लांडग्याची खूण असे आणि सोलिंगेनवाल्यांनी ती बिनदिक्कत उचलली होती. संग्रहालयात एखाद्या तलवारीवरील खुणेवरून तिचे जन्मगाव ठरवणाऱ्या हौशी अभ्यासकांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

आता प्रश्न असा, की तलवार विकत घेणारा सरदार काही भोळा नव्हता. मग तो खुणेवर का विसंबे?

कारण पोलादाचा खरा गुण डोळ्यांना दिसत नाही. दोन पाती अगदी सारखी घासलेली, सारखी चकाकणारी असतील, पण त्यांतले एक झाडाची फांदी छाटून निघेल आणि दुसरे पहिल्याच घावात वाकेल किंवा तुटेल. फरक असतो तो ‘पाण्याचा’. मराठीत पोलादाला पाणी देणे, पाणीदार तलवार, पाणी उतरणे हे सगळे शब्दप्रयोग लोहाराच्या भट्टीवरून आले आहेत. तापवून लाल केलेले पाते पाण्यात किंवा तेलात बुडवले की ते कठीण होते. हे हजारो वर्षे माणसाला ठाऊक होते. ते का होते, हे मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नीट ठाऊक नव्हते.

पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडा कार्बन. तापल्यावर लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि तिच्यात कार्बन सहज विरघळतो. सावकाश निवू दिले तर कार्बन बाहेर पडून वेगळा होतो आणि धातू मऊ राहतो. एकदम थंड केले तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, आणि त्याच्या दाटीने अणूंची सारी मांडणी ताणली जाते. या ताणलेल्या, अत्यंत कठीण रचनेला जर्मन धातुतज्ज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्यावरून मार्टेन्साइट हे नाव पडले. पाणी दिलेली प्रत्येक तलवार, वस्तरा आणि सुरी म्हणजे मार्टेन्साइटच. भवानी तलवार घडवणाऱ्याला हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण त्याने केले ते हेच.

नुसते पाणी दिलेले पाते काचेसारखे ठिसूळ असते. म्हणून ते पुन्हा हलकेच तापवून ताण थोडा उतरवावा लागतो. किती तापवायचे, किती वेळ, हे कारागिराच्या डोळ्यांवर आणि अनुभवावर अवलंबून. पाते विकत घेणारा माणूस खरे तर हा अनुभव विकत घेत होता, आणि तो तपासण्याचा त्याच्याजवळ एकच मार्ग होता. घडवणाऱ्याचे नाव.

या जुन्या पोलादाचा शत्रू म्हणजे गंज. मुंबईसारख्या समुद्रकाठच्या शहरात तर तो बारमाही शत्रू. पावसाळ्यात रात्रभर उघडा राहिलेला वस्तरा सकाळी तांबूस ठिपके घेऊन उठे. तो पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवणे हा व्यवसायाचा भाग होता. स्वयंपाकघरात विळीचे तेच. कैरी, लिंबू, चिंच यांचा आंबटपणा लोखंडाला खातो. कच्चे केळे किंवा वांगे चिरले तर फोडी काळ्या पडतात, कारण त्यांतील तुरट द्रव्याची लोखंडाशी जवळजवळ शाईसारखीच प्रक्रिया होते. विळी वापरून झाली की धुऊन लगेच कोरडी करावी, हा आजीचा नियम रसायनशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष होता.

शस्त्रक्रियेच्या खोलीत मात्र ही नुसती गैरसोय नव्हती. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ साली कार्बोलिक आम्लाने जखमा जंतुरहित ठेवण्याची पद्धत मांडली. १८८० च्या दशकात जर्मनीत वाफेने हत्यारे निर्जंतुक करण्याची रीत आली. रोगी वाचू लागले, हत्यारे मात्र मरू लागली. वाफ आणि उकळते पाणी यांहून पोलादाचे मोठे वैरी नाहीत. हस्तिदंती आणि लाकडी मुठी आधीच बाद झाल्या होत्या. आता पात्यावर निकेलचा मुलामा देण्याची पद्धत पडली. पण धार लावताना मुलामा धारेवरूनच आधी जातो आणि इतरत्र तो सुटला की त्याखाली गंज धरतो. गंजाच्या प्रत्येक खड्ड्यात रक्त आणि जंतू लपायला जागा मिळते.

अर्देशीर यांनी हात घातला होता तो या अवस्थेतील धंद्यात. डॉक्टरच्या हातातील हत्याराचे पाणी दिसत नव्हते, मुलाम्याखालचे पोलाद दिसत नव्हते आणि चूक झाली तर किंमत तिसराच माणूस मोजणार होता. अशा वेळी गिऱ्हाईक ओळखीच्या गावाच्या नावाला चिकटून राहते. मालकाच्या बोलण्यात वसाहतीचा अहंकार होताच. त्याखाली हा साधा व्यापारी हिशेबही होता. अर्देशीर यांच्याजवळ त्याचे उत्तर नव्हते, कारण मुंबईत बनलेल्या पोलादाची पारख करून देणारी, कोणत्याही गावापासून स्वतंत्र अशी मोजपट्टीच तेव्हा अस्तित्वात नव्हती.

येथे एक समज खोडून काढणे आवश्यक आहे, कारण तो समाजमाध्यमांवर वरचेवर फिरत असतो. ‘प्राचीन भारतात स्टेनलेस स्टील होते, पुरावा दिल्लीचा लोहस्तंभ.’ लोहस्तंभ सोळाशे वर्षे टिकला हे खरे आणि ती घडण थक्क करणारी आहे हेही खरे. पण त्यात क्रोमियम नाही. त्यातील फॉस्फरसचे मोठे प्रमाण आणि त्यामुळे पृष्ठभागावर तयार झालेला संरक्षक थर हे त्याच्या टिकण्याचे मुख्य कारण, असे कानपूर आयआयटीचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले. शिवाय तो घडीव लोखंडाचा आहे. त्याला पाणी देऊन धार लावता येणार नाही. क्रोमियम हे मूलद्रव्यच १७९७ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वोक्लँ यांना गवसले. दक्षिण भारतातील प्रसिद्ध वुट्झ पोलाद याच्या अगदी उलट आहे. त्यात भरपूर कार्बन, त्यामुळे अप्रतिम धार, पण गंजापासून संरक्षण शून्य. कठीणपणा एकीकडे आणि न गंजणे दुसरीकडे, असे हे दोन वारसे आपल्याकडे वेगवेगळे नांदले.

ते एकत्र आले शेफील्डमध्ये, आणि तेही सुरीच्या शोधात कोणी नसताना. हॅरी ब्रिअर्ली हा पोलाद वितळवणाऱ्या कामगाराचा मुलगा. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि प्रयोगशाळेत बाटल्या धुण्यापासून त्याची सुरुवात झाली. १९१२ साली त्याच्याकडे बंदुकीच्या नळ्यांचा प्रश्न आला. गोळीबाराच्या उष्णतेने नळ्या आतून झिजत होत्या. जास्त क्रोमियम घातलेले पोलाद टिकेल काय, हे तो तपासू लागला. १३ ऑगस्ट १९१३ रोजी ओतलेल्या एका घाणीत १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन होता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी पोलादाचा तुकडा आम्लाने कोरावा लागतो. हा तुकडा कोरलाच जाईना.

भंगारात टाकलेला तुकडा काही महिन्यांनी चकाकताना दिसला, ही लोकप्रिय आवृत्ती रंजक आहे, पण तिच्यावर विसंबू नये. ब्रिअर्लीचे श्रेय वेगळे आहे. शेफील्डमध्ये वाढल्यामुळे आम्लाला दाद न देणारा तो तुकडा पाहताच त्याला बंदुकीआधी जेवणाच्या टेबलावरची सुरी आठवली. जर्मनीत क्रुप कंपनीने १९१२ मध्येच क्रोमियम-निकेलच्या न गंजणाऱ्या पोलादाचे एकस्व घेतले होते. ते आज आपल्या ताटवाट्यांत आहे. पण ते पाणी देऊन कठीण होत नाही. कठीणही होईल आणि गंजणारही नाही, ही जोडी ब्रिअर्लीच्या पोलादाची.

कारागिरांनी त्याला हसून वाटेला लावले. पहिली पाती बनवणाऱ्यांनी तक्रार केली, की हे पोलाद घडवताना हत्यारे मोडतात आणि बनलेली सुरी कापत नाही. ‘न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोध लावणारा’ अशी ब्रिअर्लीची थट्टा झाली. दोष पोलादाचा नव्हता. साध्या पोलादाला आठशे अंशांच्या आसपास तापवून पाणी देता येते, याला जवळजवळ हजार अंश लागतात. पिढीजात डोळा येथे कामाचा नव्हता. अखेर मोझ्ली या पेढीचा व्यवस्थापक अर्नेस्ट स्टुअर्ट याने चिकाटीने तापमान जुळवले, पाते व्हिनेगरमध्ये बुडवून पाहिले आणि ते डागळत नाही म्हणून त्याला ‘स्टेनलेस’ म्हटले.

पुढे शोधाच्या हक्कांवरून ब्रिअर्लीचे मालकांशी बिनसले आणि १९१५ मध्ये त्याने नोकरी सोडली. महायुद्धात हे पोलाद विमानांच्या इंजिनांच्या झडपांकडे वळले. युद्धानंतर बाजारात आलेल्या सुऱ्यांवर एक नवीन खूण दिसू लागली. कारागिराच्या नावाबरोबर ‘फर्थ स्टेनलेस’ किंवा ‘फर्थ ब्रिअर्ली स्टेनलेस’. नाव अजून माणसांचे आणि पेढ्यांचेच, पण पाते कोणत्या धातूचे आहे हे शिक्क्यावर आले, आणि आकड्यांकडे जाणारी वाट येथून सुरू झाली.

आता त्या आकड्यांकडे. क्रोमियम साडेदहा टक्क्यांच्या वर गेले की हवेतील प्राणवायूशी मिळून ते पृष्ठभागावर अतिशय पातळ पापुद्रा धरते. ओरखडा पडला तरी तो पापुद्रा आपोआप पुन्हा तयार होतो. निकेलच्या मुलाम्याला हे कधीच जमले नसते. मग कार्बन हवा तेवढा वाढवून हवी तेवढी कठीण सुरी का करू नये? कारण कार्बन आणि क्रोमियम यांचे एकमेकांवर फार प्रेम. कार्बन क्रोमियमला ओढून घेऊन त्याचे बारीक, दगडासारखे कण बनवतो. त्या कणांनी धार टिकते, पण तेवढे क्रोमियम गंज अडवण्याच्या कामातून वजा होते. धार वाढवा, गंज जवळ येतो. गंज दूर ठेवा, धार मऊ होते.

या ओढाताणीतील वेगवेगळे समझोते म्हणजे चारशेच्या घरातील नंबर. अमेरिकी पोलाद संस्थेच्या वर्गवारीत ४१० मध्ये कार्बन सर्वांत कमी. ४२० मध्ये १२ ते १४ टक्के क्रोमियम आणि थोडा अधिक कार्बन. शस्त्रक्रियेच्या कात्र्या, चिमटे, सुई धरण्याचे सांडशीवजा हत्यार ही बहुतेक याच कुळातली. सर्वांत वर ४४०-सी. त्यात १६ ते १८ टक्के क्रोमियम आणि ०.९५ ते १.२ टक्के कार्बन, म्हणजे जुन्या तलवारीच्या पोलादाला लाजवील एवढा. नीट पाणी दिल्यास रॉकवेल मापावर त्याची कठीणता ५८ ते ६० भरते. उत्तम सुऱ्या, झडपांचे भाग आणि ओलाव्यात फिरणाऱ्या बेअरिंगच्या गोळ्या त्याच्या. अमेरिकेच्या अवकाशयानाच्या मुख्य इंजिनात द्रव प्राणवायू ढकलणाऱ्या पंपाची बेअरिंगे ४४०-सीची होती. तेथे मात्र ती फार लवकर झिजत आणि पुढे त्यांच्या गोळ्या सिरॅमिकच्या कराव्या लागल्या.

यातील सर्वांत विलक्षण गोष्ट अशी, की हे पोलाद गंजाला नीट दाद देत नाही ते पाणी दिल्यावरच. मऊ अवस्थेत त्याचे क्रोमियम कार्बनच्या मिठीत असते. हजार अंशांना ते मोकळे होऊन साऱ्या धातूत पसरते आणि एकदम थंड केल्यावर तेथेच राहते. नंतर चुकून साडेचारशे-पाचशे अंशांना तापवले तर पुन्हा गंज धरू लागतो. म्हणजे ४२० नंबरची दोन पाती, रासायनिक तपासणीत तंतोतंत सारखी, पण एक गंजणार आणि एक नाही. आकड्याने शिक्क्याची बरीचशी जागा घेतली, सगळी नाही. घडवणाऱ्याच्या हाताला अजून काम उरलेच.

मुंबईकराला ४२० हा आकडा ऐकून हसू येईल, ते साहजिक आहे. भारतीय दंडसंहितेचे फसवणुकीचे कलम ४२०. १९५५ मध्ये राज कपूर यांच्या ‘श्री ४२०’ ने ते घराघरांत पोहोचवले. आता नव्या न्यायसंहितेत कलमाचा क्रमांक बदलला आहे, पण ‘चारसोबीस’ काही बदलणार नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर मात्र हाच आकडा विश्वासाचा. भारतीय मानकात तर आकडा आणखी बोलका आहे. ‘२० सीआर १३’ म्हणजे सुमारे ०.२० टक्के कार्बन आणि १३ टक्के क्रोमियम. नावातच सारी कुंडली, गावाचा पत्ता नाही.

घरी एक प्रयोग करता येतो. फ्रिजवरचे लोहचुंबक काढून स्टीलच्या ताटाला लावावे. चांगल्या निकेलयुक्त ताटाला ते चिकटत नाही. मग स्वयंपाकघरातील सुरीला लावावे. घट्ट चिकटते. मार्टेन्साइट चुंबकाला ओढते, म्हणून. ‘चुंबक चिकटले म्हणजे स्टील खोटे’ हा भांडी घेतानाचा ठोकताळा सुरीला लावला तर उत्तम सुरी परत करावी लागेल. अर्थात चुंबक चिकटणारी स्वस्त भांडीही असतात. ती वेगळ्या जातीच्या स्टीलची. चुंबकाने जात ओळखता येते, दर्जा नव्हे.

या पोलादाचा सर्वांत मोठा प्रसार सुरीने केला नाही. तो केला दाढीच्या पात्याने. जिलेटचे पातळ, टाकाऊ ब्लेड १९०० नंतरच्या दशकात आले, पण ते साध्या कार्बन पोलादाचे होते आणि ओल्या हवेत एक-दोन दाढ्यांत गंजत असे. १९६० च्या दशकाच्या आरंभी विल्किन्सन सोर्ड या तलवारी बनवणाऱ्या जुन्या इंग्रज कंपनीने स्टेनलेस ब्लेड बाजारात आणले. ते इतके टिके, की आपली विक्री घटेल या भीतीने जिलेट कचरली आणि मग १९६३ मध्ये तिलाही मागे यावे लागले. मुलुंड ओलांडले की लागणारे ठाण्याचे वागळे इस्टेट हे महाराष्ट्रातील पहिले मोठे नियोजित औद्योगिक क्षेत्र. तेथील विद्युत मेटॅलिक्सची ‘सुपरमॅक्स’ पाती पुढे परदेशांतही गेली. अर्देशीर यांच्या पराभवानंतरच्या शतकात भारतात बनलेले धारदार पाते जगाच्या गालावरून फिरले ते याच परिसरातून.

अंधेरी-घाटकोपरच्या कोणत्याही केशकर्तनालयात या पोलादाचा ठिसूळपणा आजही पाहता येतो. कारागीर कागदात गुंडाळलेले ब्लेड मधोमध दुमडतो. कट् असा आवाज होतो आणि दोन अर्धी पाती हाती येतात. मऊ पत्रा असता तर वाकला असता. हे मार्टेन्साइट आहे, ते तुटते. अर्धे पाते वस्तऱ्याच्या खाचेत बसते. भारतात १९८६ मध्ये एचआयव्हीचे पहिले रुग्ण नोंदले गेले आणि नव्वदच्या दशकात ‘प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते’ हा जनजागृतीचा मंत्र झाला. पिढ्यान्‌पिढ्या चामड्याच्या पट्ट्यावर घासून जपलेला वस्तरा त्या काही वर्षांत दुकानांतून झपाट्याने मागे पडला. न गंजता टिकावे म्हणून घडवलेले पाते एका दाढीनंतर फेकून द्यायचे, असा हा उलटा प्रवास.

हे पाते केसाने बोथट का होते, हेही फार उशिरा उलगडले. पोलाद केसाच्या सुमारे पन्नास पट कठीण. तरीही धारेचे टवके उडतात. २०२० मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाढी करून दाखवले, की पात्याच्या रचनेत जेथे कठीण आणि मऊ भाग शेजारी येतात, तेथे वाकणारा केस धारेचा कण उडवतो. पाणी सगळीकडे सारखे बसले नाही की असे होते. शेफील्डच्या जुन्या कारागिराला हे वाक्य कळले असते.

उपनगरांतल्या सोसायट्यांत सायकलवर सहाण बांधून येणारा धारवाला हे सारे ठिणग्यांत वाचतो. जुन्या लोखंडी विळीच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात, स्टेनलेस सुरीच्या आखूड आणि कमी. विळीला धार पटकन चढते, सुरी वेळ खाते. आणि सहाणीवर पाते निळे पडले तर त्या जागचे पाणी उतरले, असे समजावे.

अर्देशीर यांनी शस्त्रक्रियेच्या हत्यारांकडे पुन्हा पाहिले नाही. मुंबईतील घरफोड्यांची बातमी वाचून ते कुलपांकडे वळले आणि १८९७ मध्ये लालबागला कारखाना उघडला. कुलपाची परीक्षा गिऱ्हाईक स्वतः घेऊ शकते, चोरही घेतो. तेथे गावाच्या नावाची गरज बरीच कमी. हा विचार त्यांनी केला होता, असे म्हणण्यास आधार नाही, पण निवड अचूक ठरली. १९४० च्या दशकात त्यांचे धाकटे बंधू पिरोजशा यांनी विक्रोळीत जमीन घेतली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्या तेथे बनल्या, आणि पुढे इस्रोच्या अग्निबाणांची ‘विकास’ इंजिनेही. ज्या नावाच्या कात्रीवर डॉक्टर विश्वास ठेवणार नाहीत असे एकदा सांगितले गेले, त्या नावाखाली द्रवरूप इंधनाची इंजिने बनू लागली.

शिक्क्याचा तो जुना वाद मात्र संपलेला नाही. फाळणीआधीच्या पंजाबातील सियालकोटमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी एका अमेरिकी मिशन रुग्णालयाची हत्यारे दुरुस्त करता करता कारागीर ती बनवू लागले. आज ते गाव जगाला शस्त्रक्रियेची हत्यारे पुरवणाऱ्या मोठ्या केंद्रांपैकी एक आहे. तेथील बराच माल जर्मनीतील टुटलिंगेन या गावी जातो, तेथे त्यावर अखेरचा हात फिरतो आणि मग तो जर्मन नावाने जगाच्या बाजारात उतरतो. पोलाद तेच, ४२०. मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या शस्त्रक्रिया-साहित्याच्या दुकानांत एकाच आकाराचे दोन चिमटे शेजारी ठेवलेले असतात आणि ‘जर्मन’ म्हटलेल्याचा भाव वेगळा असतो.